चष्म्यातली खोली

६ फेब्रुवारी

...आणि चाक परत चौकटीला अडकायचं. रोज सकाळी तेच. आधी पाणी तापवायचं, बादली न्हाणीघरात नेऊन ठेवायची, टॉवेल खांद्यावर टाकायचा, मग ह्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं — त्यांचा एक हात माझ्या मानेवर, दुसरा पलंगाच्या कडेला — आणि ती चाकांची खुर्ची ढकलत दारापर्यंत. दार अरुंद. सुताराकडून फळी काढून घेतली होती, पडदा लावला होता, पण चौकट थोडीच सरकते! "कोपरं आत घ्या," मी म्हणायचे. ते घ्यायचे. तरी बोटांची सालटी निघायचीच. "घर बारीक झालं की मी जाड झालो गं?" म्हणून विचारायचे. जन्मभर दारोदार टपाल वाटलेला माणूस. अंगावर मांस म्हणून नाही, आणि म्हणे जाड!

आज सकाळी पाणी तापवलं, बादली ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. माझाच टॉवेल, माझंच पाणी. एकटीच्या अंघोळीला एवढा खटाटोप लागत नाही. पण दाराशी आले की अजून आपोआप थांबते. चौकटीवर दोन्ही अंगांना खुर्चीचे ओरखडे आहेत. रंग देऊ का म्हणून घरमालक विचारून गेला. मी म्हटलं, राहू द्या.

त्यांना जाऊन आता तिसरं वर्ष लागलं.

९ फेब्रुवारी

वाचनालयातून येताना मागून भाजीवालीनं हाक मारली, "ओ काकू, एक पाय इथंच विसरलात!" वळून बघते तर डाव्या पायातली चप्पल मागे रस्त्यात पडलेली आणि मी आपली अनवाणी चालतेय. पायाला पत्ताच नाही. भाजीवाली हसली, मीही हसले. चप्पल घालायला तिच्या गाडीचा आधार घ्यावा लागला तेव्हा मात्र ती हसायची थांबली.

हे आता वरचेवर होतंय. पाय उचलते असं मला वाटतं, पण तो फरफटत येतो.

११ फेब्रुवारी

लेक मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मागच्या महिन्यात त्यांनी पायाला सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या केल्या होत्या, त्याचा निकाल होता. मला दोन मिनिटं आत घेतलं. टाचेवर चाला, बोटांवर चाला, डोळे मिटून उभ्या राहा. मग लेक म्हणाली, "तू बाहेर बस, मी औषधं समजून घेते." बाहेर बाकावर बसून मी पिशवीतलं पुस्तक काढलं. बरीच पानं झाली. औषधं समजून घ्यायला इतका वेळ!

आली ती तोंड धुऊन आली. कानाशी केस ओले होते.

म्हणाली, नस दबली आहे. वयानं होतं. व्यायाम दिलाय.

घरी येईपर्यंत गाडीत तिनं माझा हात धरून ठेवला. तिला हात धरायची सवय नाही. शाळेत जातानासुद्धा सोडवून पळायची.

१२ फेब्रुवारी

व्यायाम केला. खुर्चीवर बसून पाय वरखाली. उजवा ऐकतो. डावा ऐकल्यासारखं करतो.

१५ फेब्रुवारी

लेक घराचा नकाशा घेऊन आली. तिचा धंदाच तो — लोकांची घरं आखून देते. आता तिचं आणि जावयाचं स्वतःचं घर बांधायला काढलंय, शहराच्या कडेला. जमीन घेतली तेव्हापासून ऐकतेय. मागच्या वर्षी मला सांगितलं होतं त्यात खाली गाडी ठेवायची जागा आणि जावयाची लाकूडकामाची खोली होती. जावई सुट्टीच्या दिवशी रंधा मारत बसतो, तोच त्याचा छंद. माझी खोली वरती, पाहुण्यांची म्हणून. मी हसून म्हटलं होतं, पाहुणीसारखी येईन आणि पाहुणीसारखी जाईन.

आज नकाशा उघडला तर लाकूडकामाची खोली गायब. तिथं म्हणे माझी खोली. येऊन राहायचं. कायमचं.

मला नकाशातलं काही कळत नाही. छप्पर उचलून वरून डोकावल्यासारखं ते चित्र. प्रत्येक भिंतीला एकेक पाव वर्तुळ काढलेलं. मी म्हटलं, इतके पंखे कशाला? तर ती दारं! दार उघडलं की किती जागा घेतं ते त्यानं दाखवतात. दोघी हसलो. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली आणि पुसतच राहिली.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मला इथून जायचं नाही, हे तिला माहीत आहे. इथे माझं वाचनालय आहे, माझी भाजीवाली आहे, ह्यांचा पलंग आहे. एक जिना तेवढा आहे, तो मी चढते. मग एवढी घाई कसली? तिला खोदून विचारलं. म्हणाली, "तू एकटी असतेस, मला काळजी वाटते." एकटी तर मी दोन वर्षांच्या वर आहे.

जाताना म्हणाली, "नकाशात नाही कळणार तुला. ऑफिसात ये. आमच्याकडे चष्मा आहे, तो घातला की घराच्या आतच जाता येतं. ज्यांना नकाशा कळत नाही त्यांच्यासाठीच आणलाय. बघ आणि मग सांग — जे खटकेल ते सांग."

१६ फेब्रुवारी

समोरच्या बाईंना सांगितलं, चष्मा घालून घर बघायला जाणार आहे. त्या म्हणाल्या, "मी तर रोजच चष्मा घालून घर बघते, नुसता पसारा दिसतो." मग म्हणाल्या, "नशीबवान आहात. लेक खोली बांधतेय. आमचे चिरंजीव फोनसुद्धा कुणी बांधून बसवल्यासारखा करतात."

नशीबवान असेन. पण खोली कुणी उगाच बांधत नाही.

१९ फेब्रुवारी

जिना उतरताना पाय मुडपला. कठडा होता म्हणून वाचले. कुणी पाहिलं नाही.

२२ फेब्रुवारी

चष्मा घालून आले. सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर डोक्यात गुंता होऊन बसेल.

लेकीच्या ऑफिसात लिफ्ट आहे, बरं झालं. आत मोठाली टेबलं, पुठ्ठ्याची छोटी घरं, भिंतीवर नकाशे. तिच्या हाताखाली एक दाढीवाला आहे — हाताखाली म्हणायचं, पण वयानं तिच्याहून मोठा, पोट सुटलेला, बोलका. चष्म्याचं सगळं तोच बघतो. त्यानं मला खोलीच्या मधोमध उभं केलं. धरायला गोल कठडा. म्हणाला, "काकू, आत गेल्यावर चालायचं नाही. मान फिरवायची फक्त, चालवायचं काम माझं. परवा एक गिऱ्हाईक आतल्या सोफ्यावर बसायला गेलं आणि इथे जमिनीवर बसलं." हा विनोद लेकीनं कितीदा ऐकला असेल, तरी ती हसली.

मी जे बघणार ते त्यांना समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसणार, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे अडलं तर मदत करता येते.

चष्मा जड आहे. डोक्याला पट्टा. आधी काळोख — मग खोली!

खरोखरीची खोली. फरशीवर उजेड पडलेला, पलंगावर चादर, पडदे. आवाज तेवढा नव्हता. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. सगळं फार उंच. टेबलाची कड छातीशी. दिव्याची बटणं डोळ्यांसमोर. खिडकीची खालची कड कपाळाशी. मी कठडा धरून उभी होते ना? मला माझे पाय कळत होते — जेवढे कळतात तेवढे. बाहेर मी उभी होते आणि आत बसलेली होते.

मग मला खोली ओळखू आली. आधी पाहिलेली नव्हती, तरी ओळखू आली. एकेक वस्तू.

दार इतकं रुंद की दोन माणसं हातात हात घालून जातील. उंबरा नाही. न्हाणीघराला उंबरा नाही. बेसिनच्या खाली कपाट नाही, मोकळी जागा — तिथे गुडघे जातात. आमच्या बेसिनखाली कपाट होतं, म्हणून ह्यांना चूळ भरायला पसरट भांडं हातात द्यावं लागायचं. कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे. पलंगाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा, आणि भिंतीशी आणखी एक अरुंद पलंग, सोबतीला झोपणाऱ्याचा. उशाशी एक लोंबती दोरी. पुस्तकांचं कपाटही केलंय तिनं, माझ्यासाठी — त्याच्या खालच्या दोन फळ्यांवर पुस्तकं भरलेली, आणि वर फळीच नाही. तिथेच कपाट संपतं. बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथे.

ह्यातलं काहीही नस दबलेल्या बाईसाठी नाही.

बाहेरून लेकीचा आवाज आला, "आई, कसं वाटतंय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात दाढीवाला म्हणाला, "अरेच्चा, उंची मॅडमचीच राहिली की! थांबा काकू, वर घेतो. मॅडम तुमच्या खोलीत नेहमी खुर्चीवर बसूनच फिरतात ना, तेच सेटिंग राहिलं."

लेकीचा श्वास ऐकू आला मला. मग मी लिफ्टमधून गेल्यासारखी वर गेले आणि खोली साधी झाली. छान झाली. खिडकीतून रस्ता दिसायला लागला, समोर एक झाड, झाडाखाली त्यांनी कॉम्प्युटरातली दोन माणसं उभी केली होती.

माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. चष्म्याच्या आत काय चाललंय ते कुणाला कळणार! पण माझी नजर त्यांना दिसत होती — मी कुठे बघते ते पडद्यावर. म्हणून मी दोरीकडे बघितलं नाही. दांड्यांकडे बघितलं नाही. खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले. म्हटलं, "पडद्याचा रंग छान आहे." बराच वेळ पडदाच बघितला. डोळे कोरडे होईपर्यंत.

चष्मा काढल्यावर दाढीवाल्यानं आतला स्पंज पुसला. म्हणाला, सगळ्यांचाच चेहरा घामेजतो.

लेक तेव्हा पाठमोरी होती. टेबलावरच्या पेन्सिली एका बाजूला लावत होती.

२३ फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

२४ फेब्रुवारी

राग आला आहे. लिहून टाकते.

दाढीवाल्याला माहीत! त्या ऑफिसात आणखी कुणाकुणाला माहीत असेल. बांधकामवाल्याला माहीत असणार, दार किती रुंद ठेवायचं ते त्याला सांगितलं असणार. नळवाल्याला, फरशीवाल्याला. माझ्या पायांचं काय होणार आहे ते नळवाल्याला ठाऊक आणि मला नाही. मला म्हणे व्यायाम!

मी चौथीपर्यंतच शिकले, पण पुढचं सगळं स्वतः वाचून शिकले. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, ह्यांच्या थैलीतून आलेली जुनी मासिकं वाचली, वाचनालयातली अर्धीअधिक पुस्तकं वाचली. मला लेकीनं सांगितलं असतं तर कळलं असतं. रडले असते, पण कळलं असतं.

दुपारी तिचा फोन आला. उचलला नाही.

२५ फेब्रुवारी

आज उचलला. तिनं विचारलं, "खोली आवडली?" मी म्हटलं, "चांगली आहे." तिनं विचारलं, "काही खटकलं?" म्हटलं, "विचार करून सांगते." मग तिनं विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, हो. तू? तीही हो म्हणाली. आम्ही दोघी खोटं बोलत होतो असं मला वाटतं.

२६ फेब्रुवारी

दिवसभर एकच चित्र डोळ्यांसमोर. ती ऑफिसात खुर्चीवर बसलेली, डोक्याला तो पट्टा, आणि आत कुठेतरी माझ्या खोलीतून फिरतेय. बेसिनशी जाते. गुडघे आत जातात का बघते. दोरीकडे हात नेऊन बघते. दारातून जाते. पुन्हा जाते. ह्यांच्या बोटांची सालटी तिनंही पाहिली होती. सुट्टीच्या दिवशी यायची तेव्हा मलम तीच लावायची. "बाबा, माझ्या घरांची दारं कशी असतात बघा एकदा," म्हणायची. ह्यांनी विचारलं होतं, "माझ्यासाठी उघडी असतात का, ते सांग."

ती माझ्या आधी माझ्या दुखण्यात जाऊन बसली. किती वेळ बसली असेल!

राग होता तो कुठे गेला कळत नाही. त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड आहे.

२८ फेब्रुवारी

ह्यांचे बूट आठवले.

अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी डॉक्टरांनी मला आणि लेकीला सांगितलं होतं की आता चालणं नाही. आम्ही दोघींनी ह्यांना वेगळंच सांगितलं. उन्हाळा सरू द्या, मग चालाल. उन्हाळा सरला तेव्हा म्हटलं, थंडी जाऊ द्या. मी रोज त्यांचे पाय चोळायचे आणि रोज म्हणायचे, आज जरा गरम लागतायत.

एका सकाळी त्यांनी कामावरचे बूट मागितले. पॉलिशची डबी मागितली. मला वाटलं, उमेद आली! मांडीवर कागद पसरून एका हातानं त्यांनी दोन्ही बूट चकचकीत केले. सकाळ गेली त्यात. मग म्हणाले, "नवा पोस्टमन आला की त्याला देऊन टाक. त्याचं-माझं माप एक आहे, मी बघितलंय."

बस. एवढंच. मी बूट दिले. त्यानंतर मला उन्हाळ्याचं, थंडीचं काही बोलावं लागलं नाही. त्यांना किती आधीपासून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून भारा उतरवून घेतला त्यांनी. दारात पत्र टाकावं आणि पुढच्या घराकडे वळावं, तसा.

२ मार्च

जावई आला होता. एकटाच. जिन्याखालून हाक मारून आला, नेहमीसारखा: "आई, दार उघडा, चोर आलाय." आल्या आल्या माझ्या चपला मागितल्या. दोन्हींना मागून पट्टा शिवून दिला, टाचेवरून जाणारा. दाभण आणि दोरा घरूनच घेऊन आला होता. म्हटलं, भाजीवालीची करमणूक बुडवलीस. तो हसला, पण मान खालीच.

मी विचारलं, तुझ्या लाकूडकामाचं काय? म्हणाला, "गच्चीत करीन. वारा मिळेल, भुसा उडून शेजाऱ्यांकडे जाईल."

चहा झाला तरी उठेना. मग सांगितलं: या आठवड्यात खिडक्या-दारांची मापं कारखान्यात द्यायची आहेत. एकदा दिली की बदलता येत नाहीत. लेकीनं सगळी मापं दिली, खालच्या खोलीची तेवढी अडवून धरली आहेत. आईनं हो म्हटल्याशिवाय देणार नाही म्हणते. "तुम्ही काही बोलत नाही आणि ती झोपत नाही," म्हणाला. एवढंच म्हणाला. पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं, मीच म्हटलं, "राहू दे. तिला उद्या येते म्हणून सांग."

उद्या म्हटलं खरं.

३ मार्च

गेले नाही. जिन्यापर्यंत जाऊन परत आले.

हो म्हणायचं म्हणजे नुसतं घर सोडायचं नाही. हो म्हटलं की ते दांडे, ती दोरी, तो सोबतीचा पलंग, सगळं माझं होणार. अजून ते सगळं चष्म्यात आहे. मी इथे बसून आहे, डाव्या पायाला पट्टा आहे आणि मी चालते. मला थोडे दिवस हवे होते. कुणाकडे मागायचे ते कळत नाही.

न्हाणीघराच्या चौकटीशी बराच वेळ उभी राहिले. ओरखड्यांवरून हात फिरवला. मी बसले तर ते कुठे येतील म्हणून बादली उपडी घालून तिच्यावर बसून बघितलं. माझ्या बोटांशीच येतात ते.

४ मार्च

एक गोष्ट लेकीला माहीत नाही. तिला माहीत असायचं कारणच नाही.

ह्यांना खिडकीतलं दिसायचं नाही. आमच्या खिडकीचा कट्टा उंच आहे. खुर्चीत बसलं की आभाळ, तारा आणि समोरच्यांची पाण्याची टाकी. एवढंच. ज्या रस्त्यावर तीस वर्षं फिरले तो रस्ता खाली होता आणि त्यांना दिसत नव्हता. मग मी खिडकीशी उभी राहून सांगायचे. भाजीवाली आली. समोरच्या बाई कुत्र्यावर ओरडल्या. नवा पोस्टमन आला. "कुठून सुरुवात केली त्यानं?" ते विचारायचे. मी म्हणायचे, कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून. "चुकला. आधी डावी बाजू उरकायला हवी, म्हणजे ऊन पाठीशी राहतं." रोज चुकायचा तो बिचारा. दुसऱ्याच्या पायांनी ते रोज टपाल वाटून यायचे, माझ्या तोंडून.

कधीकधी मी स्वयंपाकात असायचे. ते हाक मारायचे, "कोण आलं गं?" मी आतूनच म्हणायचे, कुणी नाही. न बघताच.

लेक यायची तेव्हा त्यांची खुर्ची तिच्याकडे वळवलेली असायची. खिडकीकडे पाठ, तोंड तिच्याकडे. सगळा वेळ तिलाच बघायचे. दार तिनं पाहिलं, बेसिन पाहिलं, बोटं पाहिली. खिडकी तिला कशी दिसणार?

चष्म्यात मी बसलेली होते तेव्हा त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. झाडाचा शेंडा होता. रस्ता नव्हता.

माझ्याजवळ खिडकीशी उभं राहून सांगायला कुणी असणार नाही. ती दिवसभर कामावर.

तिनं म्हटलं होतं, जे खटकेल ते सांग.

५ मार्च

सकाळी पट्ट्याच्या चपला घालून लेकीच्या ऑफिसात गेले. दाढीवाल्याकडे चष्मा मागितला आणि खुर्ची मागितली. बसले. म्हटलं, उंची मॅडमचीच ठेवा.

आत गेल्यावर घाई केली नाही. दोरीकडे बघितलं, मग दांड्यांकडे, बेसिनखालच्या जागेकडे, सोबतीच्या पलंगाकडे. एकेक नीट, थांबून थांबून, लेकीला पडद्यावर दिसावं म्हणून. शेवटी खिडकीकडे मान केली आणि तिथेच ठेवली. म्हटलं, "बाकी सगळं बरोबर आहे. ही खिडकी तेवढी खाली घे. मला बसून रस्ता दिसायला हवा."

तिनं विचारलं, "किती खाली?"

म्हटलं, वीतभर.

तिनं चष्मा काढून घेतला, माझ्यासमोर जमिनीवर बसली, माझा हात मांडीवर ठेवून बोटं पसरायला लावली आणि टेपनं वीत मोजली.